प्रभूच्या पंगतीत एकमेकांची वाट पाहणं

आजचं वाचन: १ करिंथ ११:१७-३४ आणि लूक २४:२८-३५



येत्या रविवारी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मंडळीत प्रभुभोजन असेल. म्हणून आज नेहमीपेक्षा थोडं मोठं वाचन घेतलंय. मेट्रोत बसून वाचत असाल तर करिंथचा उतारा आधी एकदा सलग वाचून घ्या, मग इथे परत या.

प्रभुभोजनाच्या आठवड्यात तरुण मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो. “या महिन्यात माझं जीवन नीट नव्हतं. मग मी भाकर आणि प्याला घेऊ का? की मागच्या बाकावरच बसून राहू?” काही जण तर त्या रविवारी चर्चलाच येत नाहीत. घरी सांगतात की ऑफिसचं काम आहे. खरं कारण असतं भीती, आणि ती याच अध्यायातून आलेली असते. जो अयोग्य प्रकारे खातो-पितो तो दोषी ठरतो, असं पौल २७ व्या वचनात लिहितो. पुढे माणसाने आपली परीक्षा करावी असंही म्हणतो. लहानपणापासून आपण एवढंच ऐकलेलं असतं. उताऱ्याचा आधीचा भाग आणि शेवट सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

तर आधी हे पाहू की पौल एवढा का चिडलाय.

हे पत्र इ.स. ५५ च्या सुमारास लिहिलं गेलं. शुभवर्तमानं लिहून व्हायच्या आधीचं, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाचं आपल्याकडे असलेलं सर्वात जुनं लेखी वर्णन हेच. तेव्हा चर्चची इमारत नव्हती. मंडळी कुणाच्या तरी घरी जमायची, आणि एवढे लोक मावतील असं घर अर्थातच पैसेवाल्याचं असायचं. रोमन काळातल्या मोठ्या घरातही जेवणाच्या दालनात साधारण नऊ माणसं टेकून बसू शकत. बाकीच्यांना बाहेर अंगणात जागा. आता विचार करा, आतल्या नऊ जागा कुणाला मिळत असतील?

दुसरी गोष्ट वेळेची. रविवारची सुट्टी तेव्हा नव्हती. ती रोमन साम्राज्यात आली इ.स. ३२१ मध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आदेशाने. करिंथमधला गुलाम, बंदरावरचा हमाल, दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई, हे सगळे दिवसभराचं काम संपवून रात्री यायचे. तोपर्यंत ज्यांना वेळ होता त्यांचं जेवण उरकलेलं असायचं. २१ वं वचन बघा: एक जण उपाशी आहे आणि दुसरा पिऊन तर्र झालाय. याच लोकांनी नंतर एकत्र उभं राहून म्हणायचं की आम्ही ख्रिस्ताचं एक शरीर आहोत.

याला आपल्या मराठीत एक नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. पंगत एकच, पण एकाच्या पानात एक आणि दुसऱ्याच्या पानात वेगळंच. गावातल्या लग्नात आपल्या आजी-आजोबांनी हे पाहिलेलं आहे, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तर पंगत उठल्यावर, बाहेर, लांब बसवलं गेलंय. करिंथच्या मंडळीचं पाप काय होतं हे आपल्याला समजवायला भाष्यग्रंथ लागू नये. आपल्या घरात कुणाला तरी ते आठवत असेल.

आता २७ व्या वचनाकडे परत या. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तो क्रियाविशेषण आहे. कसला माणूस खातो याबद्दल तो नाही, कशा रीतीने खातो याबद्दल आहे. पौल असं म्हणत नाही की जे योग्य आहेत त्यांनीच यावं. तसं असतं तर मेज रिकामंच राहिलं असतं, पाळकसाहेबसुद्धा उभे राहू शकले नसते. त्याचा राग त्या रीतीवर आहे, जिच्यात ज्याच्याकडे काही नाही त्याला लाजवलं जातं. २२ व्या वचनात तो हे अगदी सरळ बोलतो. २९ व्या वचनात शरीर ओळखण्याची गोष्ट येते, आणि त्याचे अर्थ दोन लावले जातात: भाकरीत प्रभूचं शरीर ओळखणं, किंवा शेजारी बसलेल्यांमध्ये प्रभूचं शरीर, म्हणजे मंडळी, ओळखणं. मला हे दोन अर्थ वेगळे काढता येत नाहीत. कारण एकच अध्याय मागे, १०:१७ मध्ये, पौलाने स्वतःच सांगितलंय की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत.

आणि शेवट कुठे करतो तो? ३३ व्या वचनात. एवढा मोठा इशारा, आजारपण आणि मरणाचा उल्लेख, आणि त्यानंतर उपाय म्हणून काय सांगतो? उपास नाही, चाळीस दिवसांची प्रार्थना नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. बस्स.

मला हे वचन फार आवडतं, कारण ते इतकं साधं आहे की त्यातून निसटायला जागाच नाही. हमाल अजून यायचाय, थांबा. तिचं काम आटपलं नाहीये, थांबा. भाकर झाकून ठेवा.

आपल्या नागपुरात अशी वाट पाहिल्याची एक मोठी गोष्ट घडलेली आहे, आणि मला वाटतं आपल्या पिढीतल्या बहुतेकांना ती माहीतच नाही. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल तुम्ही पाहिलं असेल. निदान ख्रिसमसच्या रात्री तिथली गर्दी तरी पाहिली असेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतल्या मेथॉडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट. पाटीवर “सीएनआय” ही तीन अक्षरं आपण इतक्यांदा वाचतो की त्यामागे काय होतं हे मनात येत नाही.

त्यामागे ४१ वर्षांची बोलणी होती. सुरुवात १९२९ मध्ये लखनौला झाली. ज्यांनी तेव्हा पहिल्यांदा बसून हा विषय काढला, त्यांच्यातले कितीतरी जण १९७० पर्यंत प्रभूकडे गेले असणार. अडत कुठे होतं? बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसालाच? बिशप असावा की नसावा? आणि आजच्या विषयाशी जोडलेला प्रश्न म्हणजे, कुणाच्या मेजावर कोण जेवू शकतो? अँग्लिकन मंडळीचा नियम होता की दृढीकरण झालेलं नसेल, किंवा निदान त्याची तयारी नसेल, तर प्रभुभोजन नाही. त्या परंपरेत दृढीकरण बिशपच्या हातून होतं. प्रेस्बिटेरियन मंडळीत बिशपच नव्हते. म्हणजे एकाच शहरात, एकाच प्रभूवर विश्वास ठेवणारी दोन माणसं, एकाच मराठीत प्रार्थना करणारी, पण मेज वेगळं.

नागपूरवाल्यांना हे दुरून ऐकायची गरज नाही. सिव्हिल लाईन्समधलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून. आणि हे फ्री चर्च जन्मलं होतं १८४३ मध्ये, चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडून. म्हणजे आपल्याकडे सुवार्ता आली ती त्यांच्या देशातल्या भांडणाचं बोचकं पाठीवर घेऊनच आली. याने त्यांच्या सेवेचं मोल कमी होत नाही. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले, वयाच्या ४६ व्या वर्षी. या मातीतच त्यांनी स्वतःला संपवलं. पण ज्या फुटी आपण केल्याच नव्हत्या त्या आपण सव्वाशे वर्षं सांभाळल्या, हेही खरं. ऑल सेंट्स आणि हिस्लॉप कॉलेज यांच्यातलं अंतर आज ऑटोने काही मिनिटांचं आहे. मेजांमधलं अंतर मिटायला १९७० उजाडावं लागलं.

कसं मिटलं? बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती नव्या मंडळीत मान्य झाल्या. प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागलं, आणि त्याहून अवघड म्हणजे दुसऱ्याचं काहीतरी मान्य करावं लागलं. सगळे आले असंही नाही. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. एकत्र आलेल्यांमध्ये पुढे कुरबुरी झाल्याच नाहीत असंही मी म्हणणार नाही, माणसंच आहेत ती. तरीही ४१ वर्षं एकमेकांसाठी थांबणं ही ३३ व्या वचनाची फार मोठी आज्ञापालना आहे, आणि ती आपल्या शहराच्या नावावर आहे.

आता जरा अवघड जागी येतो.

आपल्याकडे जुन्या लोकांत एक शब्द होता, रोटीबेटी व्यवहार. रोटी म्हणजे कुणाच्या हातचं खायचं, आणि बेटी म्हणजे कुणाच्या घरी मुलगी द्यायची. ख्रिस्ती होणं म्हणजे काय, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला पहिल्यांदा कळलं ते ताटावर. रेव्ह. नारायण वामन टिळकांचंच बघा. नागपूरहून राजनांदगावला जाताना, १८९३ मध्ये, आगगाडीत एका युरोपियन माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि तिथून सगळं सुरू झालं. १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण लक्ष्मीबाईंनी त्यांच्यासोबत राहायला आल्यावरही स्वतःचा स्वयंपाक वेगळा ठेवला होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर यंदा नक्की वाचा, हसवून हसवून रडवतं ते पुस्तक. त्यात त्या सांगतात की जात देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे, हे आधी त्यांच्या मनाला पटलं आणि सोवळं गळून पडलं. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्याच्या नंतर, १९०० मध्ये. मला हा क्रम फार बोलका वाटतो. करिंथकरांनी उलटं केलं होतं. बाप्तिस्मा आधी घेतला, आणि ताट वेगळंच ठेवलं.

रोटीचा प्रश्न आपण बहुतेक सोडवला. आज चर्चमध्ये कुणी विचारत नाही की भाकर कुणाच्या हाताने मोडली. पण बेटीचं काय? स्थळ आलं की घरात पहिला प्रश्न कोणता येतो? मुलगा विश्वासात आहे का, प्रार्थना करतो का, हे विचारतात, नाही असं नाही. पण आवाज थोडा खाली करून दुसरंही विचारतात, “मूळचे कोण म्हणे ते?” तुम्ही ऐकलंय, मीही ऐकलंय. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, आणि तरी मूळ शोधायचं. रविवारी त्याच कुटुंबाच्या शेजारी गुडघे टेकून तोच प्याला घ्यायचा, आणि सोमवारी फोनवर सांगायचं की पत्रिका नाही हो आपल्यात, पण जरा आपल्यातलंच बघतोय.

पौलाने हे ऐकलं असतं तर त्याने ११ वा अध्याय पुन्हा लिहिला असता.

हे मी आई-वडिलांना बोल लावायला लिहीत नाहीये. त्यांनी जे सोसलं, जे लपवलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण येत्या काही वर्षांत हा प्रश्न तुमच्या-आमच्या लग्नात येणार आहे, आणि तेव्हा उत्तर आपल्याला द्यायचंय. तेव्हा आत्मपरीक्षा म्हणून रात्री डोळे मिटून महिन्याभराचे पडलेले विचार मोजत बसता ना, ते करा, देवासमोर पापांगीकार हवाच. पण पौल ज्या परीक्षेबद्दल बोलतोय तिचा पेपर वेगळा आहे. तिथे विचारलंय: पंगतीत कोण मागे राहिलंय? तू कुणासाठी थांबला नाहीस?

मिहानमध्ये नाईट शिफ्ट करून सकाळी आठला सुटणारा मुलगा साडेआठच्या उपासनेला उशिरा, चुरगळलेल्या शर्टात येतो, तेव्हा आपण वळून घड्याळ बघतो. हॉस्पिटलात ड्युटी असलेली सिस्टर तीन महिने प्रभुभोजनाला आलेली नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. डिलिव्हरी करणारा एक जण चर्चच्या गेटपाशी गाडी लावून प्रार्थना ऐकतो आणि ऑर्डर आली की निघतो. करिंथचे हमाल आज असे दिसतात.

आणि तो, जो मागच्या बाकावर घाबरून बसलाय, त्याचं काय? त्याच्यासाठी पुनरुत्थानाच्या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही जेवणाच्याच आहेत.

आधी हे लक्षात घ्या की प्रभुभोजन ही तेरवी नाही. तेरवीला आपण गेलेल्याच्या आठवणीत जेवतो, आणि ज्याच्या नावाने पानं वाढली तो तिथे नसतो. म्हणून ते जेवण घशाखाली उतरत नाही. प्रभुभोजनातही मरणाची आठवण आहे, २६ वं वचन स्पष्ट सांगतं की आपण त्याचं मरण जाहीर करतो. शरीर खरंच मोडलं गेलं, रक्त खरंच सांडलं, ते हलकं करून चालणार नाही. पण वाढणारा जिवंत आहे. आणि त्याच वचनात पुढे आहे, तो येईपर्यंत. म्हणजे तोही वाटच पाहायला लावतोय.

अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे, लूक २४. यरुशलेम सोडून निघालेत, आशा संपलीय. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत चालतो, सगळी शास्त्रवचनं उलगडून सांगतो, आणि तरी ते त्याला ओळखत नाहीत. संध्याकाळ होते. ते त्याला आग्रहाने घरी थांबवून घेतात. आणि मग गंमत बघा, पाहुणा म्हणून आलेला तो भाकर हातात घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि त्यांना देतो. यजमानच होऊन जातो तो. तेव्हा त्यांना ओळख पटते. आणि त्याच घटकेला, रात्र झालेली असताना, ते उठून यरुशलेमेला परत जातात, जिथून पळाले होते त्याच लोकांकडे. मेजावर प्रभू भेटला की माणूस मंडळीकडे परत जातो.

दुसरी गोष्ट योहान २१ मधली. पेत्राने तीनदा नाकारलंय, कोंबडा आरवून झालाय. अयोग्य कोण, तर तोच. पहाटे किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार आहे. प्रभूने स्वतः मांडलेली. आणि क्रम बघा: आधी म्हणतो, या, न्याहारी करा. पोट भरल्यावर मग विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? प्रश्न टाळला नाही त्याने. तीनदा विचारला, पेत्राला वाईट वाटेपर्यंत विचारला. पण उपाशी ठेवून विचारला नाही.

तेव्हा मागच्या बाकावरच्या माझ्या भावा, बहिणी, पुढे ये. पाप धरून ठेवायचं असेल, सोडायचंच नसेल, तर गोष्ट वेगळी, मग आधी पाळकसाहेबांशी बोल. पण पडलोय आणि उठायचंय, असं असेल तर हे मेज तुझ्यासाठीच मांडलंय. आणि तुझं कुणाशी वाकडं असेल, तर मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभूने काय आधी करायचं ते सांगितलेलं आहे. रविवारला अजून वेळ आहे. ब्लॉक केलेला नंबर अनब्लॉक करायला दोन सेकंद लागतात, फोन लावायला मात्र धैर्य लागतं, ते मागून घ्या. समोरच्याने उचललाच नाही तर तेवढा भार तुमच्यावर नाही. पण लावून बघा.

आणि या रविवारी कोण आलं नाही ते नजरेने शोधा. उपासना संपल्यावर मेसेज नको, त्याच्या शिफ्टची वेळ बघून घरी जा. जमलं तर डबा घेऊन.

चला, प्रार्थना करूया.

प्रभू येशू, तू आमच्यासाठी मोडला गेलास आणि तिसऱ्या दिवशी उठलास. आम्ही लायक व्हायची वाट न पाहता तू मेज मांडलंस. ज्यांना आम्ही पंगतीत मागे ठेवलं त्यांची तोंडं आमच्या डोळ्यांसमोर आण. आमच्या घरांत खालच्या आवाजात विचारले जाणारे प्रश्न तू ऐकतोस. आमच्या पिढीला त्यांचं उत्तर मोठ्या आवाजात द्यायचं बळ दे. नागपुरातल्या सगळ्या मंडळ्यांना, ज्या एकत्र आल्या त्यांना आणि ज्या अजून वेगळ्या मेजांवर आहेत त्यांना, तुझ्या एका भाकरीची भूक लाव. रात्रपाळीवर असलेल्या, प्रवासात असलेल्या, घाबरून लांब राहिलेल्या प्रत्येकाला या रविवारी तुझ्या मेजापर्यंत आण. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्याचं वाचन: लूक २४:३६-४९. तिथे उठलेला प्रभू पुन्हा खायला मागतो, भाजलेल्या माशाचा तुकडा.